डावी मूठ

हात चेहऱ्यावर पडला नाही. नीलांबिकेने रत्नम्माचा उजवा हात मनगटाशी धरून तिच्या तोंडाच्या वर वीतभर उंच नेला होता आणि सोडून दिला होता. खरोखर बेशुद्ध असलेल्या माणसाचा हात असा सोडला की तो सरळ खाली येतो, नाकावर आपटतो. त्याला आपल्या मालकाची पर्वा नसते. हा हात सुटला, हवेत जरासा अडखळला आणि गालाच्या कडेने घसरत उशीवर जाऊन पडला. तिने पुन्हा एकदा करून पाहिलं. पुन्हा तसंच. म्हणजे आत कोणीतरी होतं. दुपारभर छातीत धरून ठेवलेला श्वास तिने सोडला, आणि तो पुरता सुटायच्या आतच मानेमागून काहीतरी गार उतरत गेलं. कारण आत कोणीतरी होतं, सगळं ऐकत होतं, आपलं नाक सांभाळत होतं, आणि बाहेर यायला तयार नव्हतं.

खिडकीखालच्या बोळात माग चालू होते. खट्‌खटाक, खट्‌खटाक. सोलापुरात तो आवाज कोणी ऐकत नाही, तो थांबला तरच लोक मान वर करतात. पण आज तिला तो ऐकू येत होता, कारण रत्नम्मालाही तो ऐकू येत असणार होता. पलंगाची डोक्याकडची बाजू हँडल फिरवून उंच केलेली होती. पित्ताशयाच्या पेशंटना डॉक्टर देवस्थळी लवकर बसतं करत, फुफ्फुसं मोकळी राहतात म्हणून. दोन उशांना टेकून रत्नम्मा ताठ बसली होती. कपाळावर सकाळी नवऱ्याने ओढलेली विभूतीची तीन बोटं घामाने मधूनच पुसली होती. ओठ कोरडे, चेहरा शांत. डाव्या हाताची मूठ बँडेजात गुंडाळलेली, मांडीवर. सलाइन पायाच्या घोट्याशी लावलेलं. नाडी भरलेली होती. श्वास मोजून पाहावा असा सारखा. बाहुल्या उजेडाला आकसत होत्या. पापणी वर करायला गेलं की ती किंचित विरोध करत होती. खऱ्या बेशुद्धीत पापणी ओल्या कापडासारखी उचलली जाते. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे होतं, फक्त ती उठत नव्हती. टेबलावर ती खोकली होती, गिळली होती, म्हणून तर घशातली नळी काढली. स्नायू सैल करण्याच्या औषधाचा उतारा दिला होता. जेवणाच्या वेळेपर्यंत तिने पाणी मागायला हवं होतं, पोट दुखतंय म्हणून कण्हायला हवं होतं, नवऱ्यावर खेकसायला हवं होतं.

हाताची परीक्षा होईपर्यंत नीलांबिका मनातल्या मनात एकाच जागी फिरत होती. ऑपरेशन चालू असताना, देवस्थळी खडे चाचपत असताना, ती काही वेळ यंत्राकडे पाहत नव्हती. काचेच्या नळीत प्राणवायूबरोबर तरंगणारी ती छोटीशी भिंगरी, तिच्यावर नजर ठेवणं हेच तिचं काम. भूल देणारी डॉक्टर म्हणून बारा वर्षं ती तेच करत आली होती. लोक कापण्याकडे पाहतात, ती भिंगरीकडे पाहते. पण आज तिची नजर बाजूच्या फळीवर पसरलेल्या त्या डाव्या हाताकडे गेली होती. पांढऱ्या बँडेजातली मूठ. आणि ती तिथे राहिली. किती वेळ, ते तिला सांगता येत नव्हतं. परत पाहिलं तेव्हा भिंगरी जागेवर फिरत होती, रत्नम्माचे ओठ गुलाबी होते. पण मधल्या वेळात? मधल्या वेळात भिंगरी खाली बसली असेल, आणि पुन्हा आपली आपण वर आली असेल, असं होत नाही हे तिला माहीत होतं. माहीत असणं आणि खात्री असणं या दोन गोष्टींमधून दुपारभर वारा वाहत होता. आता हाताने सांगितलं होतं, मेंदू शाबूत आहे. मग ही कुठे आहे?

देवस्थळी आले ते दारातूनच बोलत आले. "काय म्हणतेय आपली मंद्रूपची राणी?" त्यांनी तिच्या छातीच्या हाडावर बोटांची गाठ रगडली. रत्नम्माच्या भुवया किंचित जवळ आल्या. तेवढंच. "नाटक आहे, नीलाबाई. शुद्ध हिस्टेरिया. घरी सासूचा जाच असेल, इथं आराम मिळतोय, कशाला उठतेय?"

"सासू नाही तिला. आणि नाटक करणारा माणूस मधूनच पाहून घेतो, सर. ही पाहत नाही."

"मग कानात बर्फाचं पाणी घाला. डोळे गरगरले की आपोआप उठेल बोंबलत."

"गरगरतील, म्हणजे जागी आहे हे कळेल. ते मला आत्ताच कळलंय."

"तुम्हाला कळून काय उपयोग? तिच्या नवऱ्याला काय सांगू?" त्यांनी आवाज खाली आणला. "मी राउंड संपवून येतो. तोवर हलली नाही तर ॲम्ब्युलन्सने पुण्याला. इथं काही बरंवाईट झालं तर मंद्रूपहून चार जीप येतील."

"टाके ओले आहेत. रस्ता कसा आहे माहीत आहे तुम्हाला. टेंभुर्णीपर्यंतसुद्धा टिकणार नाहीत."

"मग उठवा," देवस्थळी म्हणाले आणि गेले. तिने ते शब्द कोणाला लागले आहेत का म्हणून रत्नम्माच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा जसा होता तसाच होता. इतक्या शांत चेहऱ्याचं काय करायचं असतं ते तिला कोणी कधी शिकवलं नव्हतं. कपाळावर भस्म, पाठ ताठ, हनुवटी किंचित छातीकडे. हे कुठेतरी पाहिलेलं आहे असं तिला वाटलं, आणि लगेच वाटलं की खोलीत उकडतंय, पंखा हळू झालाय, व्होल्टेज गेलंय. तिने स्टूल ओढलं आणि खिडकीकडे पाठ करून बसली.

काल संध्याकाळी हीच बाई पलंगावरून उतरून चपला शोधत होती. सिस्टरने तिच्या गळ्यातल्या दोऱ्याला हात लावला होता, एवढंच. "हे काढून ठेवावं लागेल. पोटावर येतंय. चांदीची डबी आहे, विजेच्या चाकूनं भाजेल." डबीत रत्नम्माचं इष्टलिंग होतं. लिंगायत मूल जन्मतं तेव्हा त्याला ते बांधतात, आणि मग ते अंगावरून उतरत नाही. उतरलं तर माणूस चालत-बोलत असला तरी जिवंतांत मोजला जात नाही. "मग ऱ्हाऊ द्या," रत्नम्मा म्हणाली होती. "खडं पोटात असू द्यात. हे काडून मी त्या टेबलावर झोपनार न्हाय." ईश्वरप्पा, तिचा नवरा, पेंडीचा दुकानदार, बायकोच्या निम्म्या अंगाचा, हात चोळत म्हणाला, "आगं, दोन तासाचा तर प्रश्न हाय." "मग दोन तास तुमी ऱ्हावा की तुमचं काडून! आन् बसा दुकानात. बगू कोन गिऱ्हाईक येतंय." सोजरबाई आया तोंडाला पदर लावून हसली होती. तेव्हा नीलांबिका पुढे झाली. तिला एकदम सुचलं, आणि सुचलं याचा तिला किती आनंद झाला होता! "माझं ऐका. डबी यांच्याकडे द्या. आतलं लिंग तुमच्या डाव्या तळहातावर ठेवते, मूठ मिटते आणि वरून पट्टी बांधते. अंगावरून उतरलं असं होणारच नाही. पूजेला घेता ना हातात, तसं." रत्नम्माने तिच्याकडे पाहिलं. मोठे, पिवळसर झालेले डोळे. "तुमी आमच्यातल्या?" "हो. अक्कलकोटकडच्या." "मग तुमचं कुटं हाय?" "घरी आहे. पेटीत." "घरी?" रत्नम्माचं हसू आधी डोळ्यांत आलं, मग सगळ्या अंगावर पसरलं. "ते घरी, आन् तुमी हितं?" सगळे हसले होते, नीलांबिकाही. मग रत्नम्माने चपला पलंगाखाली सरकवल्या होत्या आणि डावा हात पुढे केला होता, लहान मूल काही मागताना करतं तसा.

पेटीत होतं ते खरं होतं. पुण्याला होस्टेलवर, पहिल्याच वर्षी, तिने ते काढलं होतं. काही ठरवून नाही. शवविच्छेदनाच्या टेबलावर वाकताना डबी पुढे लोंबायची, प्रेताच्या छातीला लागायची. म्हणून एक दिवस खोलीवर ठेवून गेली, मग दुसऱ्या दिवशी. काही झालं नाही. आकाश कोसळलं नाही, की स्वप्नात कोणी आलं नाही. त्याच वर्षी शरीरक्रियेच्या वर्गात बेडकाच्या मांडीचा स्नायू काढून तारेला बांधला होता आणि त्याला विजेचा स्पर्श दिला होता. धुराने काळ्या केलेल्या कागदावर सुईने एक पांढरी टेकडी काढली, मग पुन्हा सपाट रेघ. बेडूक मेलेला होता. तो डोक्यापासून वेगळा, बशीत पडलेला होता. तरी स्नायू हलला. सगळ्या मुलींनी वहीत ती टेकडी उतरवून घेतली. नीलांबिका वर्गाबाहेर येऊन नळाखाली मनगटं धरून उभी राहिली होती. बाईंना वाटलं, रक्ताला घाबरली. रक्ताला ती कधीच घाबरली नाही.

दार ढकलून सोजरबाई आत आली. हातात भांड्यात ओला बोळा. रत्नम्माच्या ओठांना लावायला. तिने तो लावला आणि पेशंटशी नेहमी बोलायची तशी बोलली, "काय बया, किती झोपशील? नवरा बाहीर वाळून चाललाय बग. काल काय त्वांड चालत हुतं हिचं!" मग नीलांबिकेकडे वळून, "बाई, मला एक कळंना. टेबलावरनं आनली तवा शुद्धीवर आली हुती की ही."

"कधी?"

"आनली तवाच. मी ह्यांडल फिरवून पलंग वर केला, उशा लावल्या, तवा डोळं उघडलं. भिताडाकडं बघितलं, माज्याकडं बघितलं. मग मान खाली घालून ह्या हाताकडं बघितलं. हात जरासा उचलून बघितला. आन् मग, कसं सांगू तुमाला, 'बरं' म्हनल्यावानी मान हलिवली आन् मिटलं डोळं. मला वाटलं, झोपली निवांत."

"बरं म्हटल्यासारखी?"

"व्हय. एकांद्यानं सांगावं, चला आता, आन् आपन म्हनावं बरं. तसं."

सोजरबाई भांडं घेऊन गेली. मागाचा आवाज चालू होता. नीलांबिका स्टुलावरून उठली नाही. तिने समोर पाहिलं, आणि ज्याच्याकडे ती दिवसभर पाहत होती पण जे तिने पाहिलं नव्हतं, ते आता एकेक करून नाही तर सगळं एकदम समोर बसलेलं दिसलं. भस्म लावून, पाठ टेकवून, ताठ बसवलेली बाई. डबीतून काढलेलं लिंग डाव्या तळहातावर, बोटं मिटलेली.

अव्वाला, तिच्या आईला, असंच बसवलं होतं. भिंतीशी, चौरंगावर, पाठीला तक्क्या. मान पडू नये म्हणून कपाळावरून एक पट्टा नेऊन मागे खुंटीला बांधला होता आणि त्यावर फुलांच्या माळा सोडल्या होत्या, म्हणजे पट्टा दिसू नये. बाळंतपणात रक्त गेलं होतं. नऊवारी हिरवं, नवं, इस्त्रीच्या घड्यांचं. आपल्यात मेलेल्या माणसाला आडवं निजवून नेत नाहीत. त्याला बसवतात, बसवून मिरवत नेतात आणि खड्ड्यात बसवूनच मूठमाती देतात. स्वामींनी अव्वाच्या गळ्यातली डबी उघडली, लिंग काढलं, तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं एकेक करून मिटली. जांभळाएवढं, काळंभोर, तेलकट चमकणारं ते लिंग बोटांआड गेलं. तिला, तेव्हाच्या लहानग्या नीलव्वाला, कोणीतरी उचलून पायांशी नेलं, नमस्कार कर म्हणून. तिचं तोंड अव्वाच्या मांडीजवळ होतं. आणि तिने पाहिलं. "अव्वाची मूठ हलली," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली असावी, कारण मावशीचा हात तिच्या तोंडावर बसला, बांगड्या ओठांवर लागल्या, आणि तिला मागच्या दारी नेऊन शेवग्याखाली बसवलं. तिथून तिला वाजंत्री ऐकू आली. ती लांब जाताना ऐकू आली. नंतर मुलांनी सांगितलं की खड्ड्यात आत कोनाडा असतो, त्यात बसवतात, वरून मीठ घालतात, भस्म घालतात, बेलाची पानं घालतात.

मेलेला स्नायू हलतो, आखडतो, बोटं आत वळतात. हे तिने वाचलं होतं, पाहिलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. त्या उत्तराला पूर्ण गुण मिळाले होते. आणि तरी बारा वर्षं ती प्रत्येक माणसाच्या उशाशी बसून त्याला खाली नेत होती आणि वर आणत होती, आणि कोणीही डोळे उघडले की ती आधी त्याच्या डाव्या हाताकडे पाहत असे. हे तिला आज, आत्ता, या स्टुलावर कळत होतं. पूजेला घेता ना हातात, तसं, असं ती काल म्हणाली होती. पण पूजेतला तळवा तिला आठवतच नव्हता. पहाटे आंघोळ करून डाव्या हातावर लिंग घेऊन त्याच्याकडे एकटक पाहायचं, ते तिने शेवटचं कधी केलं होतं? तिच्या डोक्यात एकच तळवा होता. काल तिला जे सुचलं ते तिथून सुचलं होतं. तिने स्वतः, आनंदाने, सगळ्यांसमोर, एका जिवंत बाईच्या हाताची बोटं एकेक करून मिटली होती, आणि वर गाठ मारली होती.

रत्नम्मा औषधाच्या धुकटातून वर आली असेल. घसा सोललेला, पोटात आग, अंग आपलं नाही. समोर पांढरी भिंत. आणि आपल्याला बसवलेलं. हातात लिंग. मग तिने बरं म्हटलं. घाबरली नाही, ओरडली नाही. ज्या बाईने काल दोऱ्याला हात लावू दिला नाही, तिने हे मुकाट मानलं. आपल्याला नीट बसवलं आहे, सगळं रीतीप्रमाणे झालं आहे, आता उगाच हलून लोकांना घाबरवायचं नाही. नाकावर हात पडू द्यायचा नाही, एवढं अंगाचं अंगाला कळत होतं. पण ज्याला बसवलं त्याने उठायचं नसतं. नीलांबिकेला एक भलताच विचार आला: अव्वानेही बरं म्हटलं असेल का? तिने तो विचार बाजूला ठेवला नाही. तो बाजूला ठेवून ठेवूनच इथवर आलं होतं.

ती उठली आणि पलंगाच्या पायथ्याशी जाऊन हँडल फिरवू लागली. पलंग कुरकुरत खाली येऊ लागला. तो आवाज ऐकून ईश्वरप्पा आत आला; धोतराचा सोगा हातात, डोळे सुजलेले. "डाक्टरीनबाई, आडवी करू नगा. मोटे डाक्टर म्हनले, बसतीच ठेवा."

"आडवी करते," ती म्हणाली. "माणसं आडवी झोपतात."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. मग बँडेजाच्या मुठीकडे. हळूहळू तो भिंतीला टेकला. "सकाळी बसल्याली बगितली तवा मी दारातच थांबलो," तो म्हणाला. "मला वाटलं, बोलावं. पर म्हनलं, दवाखान्याची रीत असंल. आपन अडानी."

"मी अडाणी नाही, मलाही कळलं नाही. डबी कुठे आहे?"

त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशावर हात ठेवला.

"दोरा सोडवून ठेवा. गळ्यात बांधायचंय."

कात्रीने तिने बँडेज कापलं. आतली बोटं घामाने पांढरी पडून सुरकुतली होती. तिने करंगळीपासून सुरुवात केली. करंगळी उघडेना. तिने जरा जोर लावला, आणि करंगळीने तेवढाच जोर परत लावला. नीलांबिकेच्या तोंडातून आवाज निघाला, स्वतःचाच तिला ओळखू आला नाही. मूठ हलली. यावेळी कोणाचा हात तिच्या तोंडावर नव्हता. ती म्हणू शकत होती, बघा, हलली. तिने वाकून रत्नम्माच्या कानाशी तोंड नेलं. मराठीत सकाळपासून सगळ्यांनी हाका मारून झाल्या होत्या. तिच्या ओठांवर कानडी आलं, लहान मुलाचं, तिसऱ्या-चौथ्या वर्षी थांबलेलं, ज्यात ती नंतर कधी कोणाशी बोलली नव्हती. "बिडु, अव्वा," ती म्हणाली, "बिडु." सोड, आई, सोड. इन्नु आगिल्ल. अजून झालेलं नाही. ते ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, कुजबुजत, आणि आपण कोणाच्या मुठीशी बोलतोय ते तिला मधेमधे कळेनासं झालं. मग केव्हातरी करंगळी सैल पडली. तिच्यामागे बाकीची बोटं.

लिंग तिने आपल्या हातात घेतलं. ते गरम होतं, ओलं होतं. उजव्या हातात कात्री होती म्हणून ते डाव्या हातात आलं. ती स्टुलावर बसली, पाठ भिंतीला टेकली. मांडीवर डावा तळवा, त्यावर ते काळं, चमकणारं. हाताला त्याचं वजन ओळखीचं वाटलं, आणि त्या ओळखीने तिला क्षणभर मागाचा आवाज ऐकू येईना. ईश्वरप्पाच्या बोटांना डबीचा दोरा सुटत नव्हता. तो पुटपुटत होता, दाताने गाठ ओढत होता.

तिने मान वर केली तेव्हा रत्नम्माचे डोळे उघडे होते. आडव्या पडलेल्या रत्नम्माने मान एका कुशीला वळवली होती आणि ती नवऱ्याकडे पाहत नव्हती. ती नीलांबिकेकडे पाहत होती. आधी चेहऱ्याकडे, मग भिंतीला टेकलेल्या पाठीकडे, मग मांडीवरच्या तळव्याकडे. तिथे तिची नजर बराच वेळ राहिली. मग ती परत चेहऱ्यावर आली, आणि तिच्यात काल संध्याकाळचं हसू नव्हतं, नुसती कणव होती.

"आगं बाई," नळीने खरवडलेल्या घशातून ती म्हणाली. "तुमी बी? कवा आलात?"

ईश्वरप्पा ओरडला. त्याने सोजरबाईला हाक मारली, देवाला हाक मारली, दाराबाहेर पळाला आणि तसाच परत आला. नीलांबिकेला ठाऊक होतं, आता काय बोलायचं असतं. तुम्ही दवाखान्यात आहात, ऑपरेशन चांगलं झालं, मोठा श्वास घ्या. हजारो वेळा म्हटलेलं वाक्य. ते आलं नाही. रत्नम्मा अजून उत्तराची वाट पाहत होती, गावाकडून आलेल्या पाहुणीला विचारावं तसं विचारून.

"द्या की, डाक्टरीनबाई," ईश्वरप्पा रडत, हसत म्हणाला. उघडी डबी त्याने पुढे धरली होती. "द्या, बांधू तिच्या गळ्यात."

तिने हात पुढे केला. बोटं मिटलेली होती. कधी मिटली ते तिला कळलं नव्हतं. तिने आपल्या बोटांना उघडायला सांगितलं. मूठ उघडेना.